रोग्याचं वय आणि रोगाचं वय



सुट्टीचे दिवस, बाहेर उकाडा, घरी टीव्हीवर क्रिकेटचा सामना. असं असताना यकृताच्या कर्करोगावर ऐकायला एवढं सभागृह भरतं, याचं मला खरोखर नवल वाटतं. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी फोन करून विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतताच होती. मग एक जण चाचरत म्हणाले, "डॉक्टर, काही आशादायक नाही का?" मी म्हटलं, आहे की! भरपूर आहे. फक्त ती आजाराच्या शेवटी शोधायची नाही, आयुष्याच्या सुरुवातीला शोधायची.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते गणित शिकवत. तेव्हा आज थोडी वजाबाकी मांडली तर त्यांना आवडली असती, असं समजून चालतो.

आधी एक प्रश्न. कोणाचं यकृत बिघडलं असं कानावर आलं, की आपल्या मनात पहिल्यांदा काय येतं? बाटली. प्रामाणिकपणे सांगा, बाटलीच येते की नाही? आणि रुग्ण कोण दिसतो? पोट सुटलेला, डोळे पिवळे झालेला, साठीकडे झुकलेला माणूस. हे चित्र अगदीच खोटं नाही. पण ते अर्धं आहे, आणि उरलेल्या अर्ध्या चित्रात जी माणसं आहेत ती तिशीतली आहेत.

दोन रुग्णांविषयी सांगतो. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

पहिला एकतीस वर्षांचा. उजव्या बरगडीखाली जड वाटतंय, एवढीच तक्रार. मोटारसायकलवरून रोजचं जाणं-येणं, म्हणून पाठ धरली असेल असं त्याला वाटलं. मग औषधाच्या दुकानातून ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. पँट कमरेला सैल झाली तेव्हा बायको म्हणाली, एकदा दाखवून या. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होते. हातातला प्रोब उजवीकडे सरकला आणि ते बोलायचे थांबले. रुग्णाला तिथेच कळलं, असं त्याने मला नंतर सांगितलं. यकृतात अकरा सेंटिमीटरची गाठ होती.

दुसऱ्या दिवशी आईवडील बरोबर आले. आई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर, माझा मुलगा सुपारीच्या खांडाला शिवत नाही हो!" वडील मात्र गप्प. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, वडिलांकडे बघत होता. काय चाललं होतं त्या खोलीत? वडिलांच्या मनात संशय होता, आणि तो मुलाला दिसत होता. आपण यकृताला आणि दारूला इतकं घट्ट बांधून टाकलंय, की कर्करोग झालेल्या पोराला आधी चारित्र्याचा दाखला द्यावा लागतो.

रक्ताचा रिपोर्ट आला. यकृताला जडणाऱ्या हिपॅटायटिस बी या विषाणूची तपासणी पॉझिटिव्ह. नियम असा, की मग घरच्या सगळ्यांची तपासणी करायची. वडील निगेटिव्ह, बायको निगेटिव्ह. आई पॉझिटिव्ह. तिला आयुष्यात कधी कावीळ झाल्याचं आठवत नव्हतं. बाळंतपणात मुलाला लागण झाली होती, बहुधा तो जन्मला त्याच दिवशी. सुपारीच्या खांडाची ग्वाही देणाऱ्या त्या आईला हे कोणत्या शब्दांत सांगायचं? वैद्यकाच्या पुस्तकांत याचं उत्तर नाही. मी एवढंच म्हटलं, की तुम्हालाही हे तुमच्या आईकडूनच आलेलं असणार, आणि तिला तिच्या आईकडून.

दुसरे रुग्ण अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त. पस्तिशीत त्यांच्यावर एक मोठी शस्त्रक्रिया झाली होती, तेव्हा रक्त चढवलं होतं. हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला १९८९ साली. त्याआधी रक्तपेढीने तरी तपासायचं काय? त्या बाटलीतून सी आला, वर्षानुवर्षं यकृत पोखरत राहिला, आणि यकृत टणक होऊन सिरॉसिस झाला. सिरॉसिस आहे हे माहीत असल्यामुळे ते दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला येत. अशाच एका खेपेला दोन सेंटिमीटरची गाठ दिसली.

आता वजाबाकी करू. अडुसष्टातून पस्तीस गेले, उरले तेहेतीस. एकतीसमधून शून्य गेलं, उरले एकतीस. एक रुग्ण तरुण, एक म्हातारा. पण त्यांच्या यकृतातला रोग जवळजवळ एकाच वयाचा होता! मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. या कर्करोगात रोग्याचं वय बघून आपण फसतो. बघायचं असतं रोगाचं वय.

तुम्ही म्हणाल, दोन रुग्णांवरून सिद्धांत कसला मांडता? रास्त आहे. मग आफ्रिकेत चला. इजिप्तमध्ये १९५०च्या दशकापासून १९८०च्या सुरुवातीपर्यंत बिल्हार्झिया या कृमिरोगावर सरकारी मोहिमेत इंजेक्शनं दिली गेली. काचेच्या सिरिंज, त्याच पुन्हा पुन्हा वापरलेल्या. हेतू चांगला होता, आणि त्यातून हिपॅटायटिस सी खेडोपाडी पोचला. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी लागलेला सी. सहाराच्या दक्षिणेला मात्र राज्य हिपॅटायटिस बीचं. तिथे लागण होते जन्मताना किंवा अगदी लहानपणी. २०१७ साली आफ्रिकेतल्या अनेक देशांमधल्या रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. इजिप्तमध्ये यकृताचा कर्करोग सापडतानाचं मध्यम वय निघालं ५८, बाकीच्या आफ्रिकी देशांत ४६. खंड एक, कर्करोग एक, अंतर बारा वर्षांचं. जपानमध्येही हा कर्करोग बरीच वर्षं मुख्यतः सीचा राहिला, म्हणून म्हाताऱ्यांचा. चीनमध्ये बीचा, म्हणून तो पन्नाशीच्या आसपास गाठतो.

मुळात बीचा विषाणू कर्करोग करतो, हे कळलं कसं? अमेरिकी डॉक्टर पामर बीस्ले यांनी तैवानमध्ये २२,७०७ सरकारी नोकरदार पुरुषांची नोंद केली आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. सरकारी नोकरच का? कारण त्यांचा विमा असतो, पत्ता सापडतो आणि मेल्याचं कागदावर येतं. संशोधनात अशी व्यवहारी अक्कल फार लागते, पण तिला कोणी पारितोषिक देत नाही. १९८१ साली त्यांनी निष्कर्ष छापले. तोवर यकृताच्या कर्करोगाने ४१ जण गेले होते. त्यातले ४० जण बी विषाणूचे वाहक होते. एक्केचाळीसपैकी चाळीस! वाहकांना धोका इतरांच्या २२३ पट. त्या वेळी अनेक शास्त्रज्ञांना एखादा विषाणू असं करू शकेल हे पटतच नव्हतं.

मग जन्मवेळच इतकी महत्त्वाची का? मोठ्या माणसाला बीची लागण झाली, तर त्याचं शरीर चवताळून उठतं. काहींना कावीळ होते, महिनाभर झोपून राहावं लागतं, आणि शंभरातले पंचाण्णवहून अधिक लोक विषाणूला कायमचं हुसकून लावतात. नवजात बाळाच्या शरीराला मात्र आपलं-परकं अजून कळत नसतं. ते विषाणूला घरातलाच समजतं. कावीळ नाही, ताप नाही, काही नाही. लागण झालेल्या अशा शंभर बाळांपैकी सुमारे नव्वदांच्या शरीरात तो मुक्कामालाच राहतो. म्हणजे कावीळ होऊन डोळे पिवळेधमक झाले, ते बहुतेक सुटले. ज्यांना काहीच झालं नाही, ते अडकले. शिवाय बीचा विषाणू आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये स्वतःचे तुकडे घुसवतो. त्यामुळे सिरॉसिसची पायरी न चढताच काही जणांना थेट कर्करोग होतो.

इथे मी दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. शस्त्रक्रिया करताना यकृत हातात घेतलं, की निरोगी यकृत मऊ, तुळतुळीत लागतं. सिरॉसिस झालेलं यकृत म्हणजे वरून सीताफळ. टणक, गाठीगाठींचं. आता या दोन रुग्णांची अवस्था बघा. म्हाताऱ्याची गाठ लहान, पण यकृत सीताफळ झालेलं. तरुणाचं यकृत चांगलं, पण गाठ अकरा सेंटिमीटरची.

ही कोंडी कशी आहे पाहा. निरोगी यकृताचा निम्म्याहून जास्त भाग काढला तरी उरलेलं वाढून पुन्हा काम भागवतं. तरुणाला एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसते. सिरॉसिसवाल्याला तिचा चौथा हिस्साही झेपेल की नाही याची शंका असते. त्याची गाठ सुईने जाळायची, नाही तर अख्खं यकृत बदलायचं. बदलण्यासाठीही मापं आहेत. मिलानच्या मात्साफेर्रो यांनी १९९६ साली घालून दिली ती: एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येक तीनच्या आत. अकरा सेंटिमीटरला तिथे जागा नाही.

म्हणून "तरुणांमध्ये हा कर्करोग जास्त आक्रमक असतो का?" या प्रश्नाला मी सरळ हो म्हणत नाही. काही गाठी असतात जहाल, मान्य. पण वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांचे अभ्यास पाहिले तर साधारण एकच गोष्ट दिसते. तरुण येतात तेव्हा रोग पुढे गेलेला असतो आणि यकृत शाबूत असतं. ज्यांची गाठ काढण्याच्या अवस्थेत सापडते, ते तरुण म्हाताऱ्यांइतके, कधी त्यांच्याहून चांगले तरतात. मला विचाराल तर तरुणाला मारतो तो उशीर.

आणि उशीर का होतो? एक कारण शरीरातलं. यकृताच्या आत वेदनेच्या नसाच नाहीत. दुखतं ते वरचं आवरण ताणलं गेल्यावर, म्हणजे गाठ चांगली मोठी झाल्यावर. निरोगी यकृताची ताकद इतकी, की अर्धं व्यापलं गेलं तरी कावीळ होत नाही. म्हाताऱ्याचं थकलेलं यकृत निदान कुरकुर तरी करतं. पोटात पाणी होतं, पाय सुजतात, घरचे दवाखान्यात नेतात. धडधाकट यकृत शेवटपर्यंत गप्प राहतं.

दुसरं कारण आमच्या नियमांतलं. सिरॉसिस असेल त्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, हे जगभर ठरलेलं आहे. सिरॉसिस नसलेल्या बीच्या वाहकांचं काय? प्रचलित नियम म्हणतो, आशियाई पुरुषांनी चाळिशीनंतर, बायकांनी पन्नाशीनंतर. घरात कोणाला हा कर्करोग झाला असेल तर त्याआधी. नियम करणारे मूर्ख नव्हेत. कमी वयात धोका कमी, आणि सगळ्यांची सोनोग्राफी करायची तर तेवढी यंत्रं आणि माणसं कुठून आणणार? पण एकतीस वर्षांचा पोरगा या नियमात बसत नाही. घरात कर्करोगाचा इतिहास हवा असेल, तर घरातल्या कोणाला तरी आधी कर्करोग व्हावा लागतो. आमच्या त्या कुटुंबात हा मान त्यालाच मिळाला. त्याच्या चौतीस वर्षांच्या बहिणीचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. तिची सोनोग्राफी आता दर सहा महिन्यांनी होते.

त्या तरुणाची गाठ यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली होती, त्यामुळे शस्त्रक्रियेचा मार्ग बंद झाला. औषधं दिली. या औषधांची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. सोराफेनिब नावाची गोळी आली तेव्हा महिन्याचा खर्च होता सुमारे दोन लाख ऐंशी हजार रुपये. २०१२ साली मुंबईच्या पेटंट कार्यालयातून भारतातला पहिला सक्तीचा परवाना निघाला तो याच गोळीसाठी, आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला ती महिना नऊ हजारांच्या आत विकायची मुभा मिळाली. जगभर गाजलं ते प्रकरण. पण त्या गोळीने आयुष्य किती वाढायचं? ज्या मोठ्या चाचणीवर तिला मान्यता मिळाली, तीत ७.९ महिन्यांचे १०.७ महिने झाले होते. तीनपेक्षा कमी महिने. आता याहून चांगली इंजेक्शनं आली आहेत, ज्यांना लागू पडतात त्यांना वर्षंही मिळतात. तो तरुण वर्षभराच्या आसपास जगला. अडुसष्ट वर्षांच्या आजोबांची गाठ जाळली. पुढे दुसरी झाली, तीही जाळली.

माझं गणित जिथे चुकतं त्या जागाही दाखवायला हव्यात, नाही तर गुरुजींनी वही परत दिली असती.

पहिली जागा बुरशीची. शेंगदाणा आणि मका ओलसर जागी साठवला की त्यावर एक बुरशी येते, तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९७४ साली आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात, पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन गेली. ती विषबाधा होती. तेच विष थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कर्करोग होतो, आणि बीच्या जोडीला आलं तर धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. शांघायमधल्या एका पाहणीत नुसत्या बीचा धोका सात पट निघाला, नुसत्या अफ्लाटॉक्सिनचा तीन-साडेतीन पट, आणि दोन्ही एकत्र असले तर ५९ पट. तीस वर्षांचा रोग मग त्याहून लवकर पिकतो. घरातले काळे पडलेले, खवट शेंगदाणे निवडून कुटात घालणाऱ्या काटकसरी मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं. पहिल्या रांगेतल्या काही मावश्या हसतायत, म्हणजे पटलं!

दुसरी जागा अधिक विलक्षण. फायब्रोलॅमेलर नावाचा एक दुर्मीळ प्रकार आहे. तो मुख्यतः किशोरवयात आणि विशी-तिशीत होतो. विषाणू नाही, सिरॉसिस नाही, दारू नाही. रक्तातलं एएफपी नावाचं प्रथिन, ज्यावरून आम्हाला एरवी वास लागतो, तेही बहुधा वाढत नाही. १९५६ साली त्याचं पहिलं वर्णन झालं आणि पुढे अर्धशतक त्याचं कारण कोणाला सापडलं नाही. इलाना सायमन ही अमेरिकी मुलगी बारा वर्षांची असताना तिला हा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया होऊन ती बरी झाली. शाळेत असतानाच तिने ठरवलं, की आपल्या गाठीत काय बिघडलं होतं ते शोधायचं. वडील न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात शास्त्रज्ञ, त्यांची प्रयोगशाळा हाताशी. रुग्ण एकमेकांना इंटरनेटवर ओळखत होते, त्यांनी आपल्या गाठींचे नमुने दिले. १५ रुग्णांच्या गाठी तपासल्या. पंधराच्या पंधरा गाठींत एकच चूक निघाली. एकोणिसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून दोन जनुकं एकमेकांना चिकटली होती. २०१४ साली 'सायन्स' नियतकालिकात तो शोधनिबंध छापून आला, आणि लेखकांच्या यादीत तिचंही नाव होतं. या कर्करोगात माझी वजाबाकी लागू पडत नाही. इथे रोगाचं वयही कोवळंच असतं.

जाता जाता जिममधल्या मुलांसाठी. दंड फुगवायला जी स्टेरॉइडची इंजेक्शनं कोपऱ्यात मिळतात, त्यांनी यकृतात गाठी होऊ शकतात आणि त्यातल्या काही पुढे कर्करोगाच्या निघतात. नाव विचारलं तर ट्रेनर 'प्रोटीन' सांगतो. प्रोटीन सुईने घेत नाहीत, राजा!

फॅटी लिव्हरविषयी आज फार बोलत नाही. आजवर तो साठीनंतरच्या कर्करोगाचं कारण होता. पण शाळेतल्या मुलांच्या सोनोग्राफीत मी जेव्हा चरबी बघतो, तेव्हा मनात वजाबाकी नाही, बेरीज सुरू होते. बारा अधिक तीस किती? हा माझा अंदाज आहे, आकडेवारी नव्हे.

आता ती आशा, जी मी फोनवर कबूल केली होती. रोगाचं वय जन्मदिवसापासून मोजायचं असेल, तर रोखायचंही जन्मदिवशीच. तैवानने जुलै १९८४ मध्ये वाहक आयांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली, दोन वर्षांत सगळ्याच बाळांना. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतला यकृताचा कर्करोग लाखात ०.७० होता, तो दहा-बारा वर्षांत ०.३६ वर आला. डॉ. मेई-ह्वेई चांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे आकडे प्रसिद्ध केले. लस टोचून माणसाचा कर्करोग टळतो, हे जगात पहिल्यांदा तिथे दिसलं.

आपल्याकडे? १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेकने देशी लस बाजारात आणली आणि किमती कोसळल्या. सरकारी लसीकरणात ती २००२-०३ मध्ये काही शहरांत आणि जिल्ह्यांत आली, देशभर पोचायला २०११-१२ उजाडलं. म्हणजे आज जी मुलंमुली पंचविशी-तिशीत आहेत, नोकऱ्या करतायत, लग्नं करतायत, त्यांच्यातल्या बहुतेकांना जन्मताना ही लस मिळालेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात बीचे २ कोटी ९८ लाख रुग्ण होते. त्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे.

तपासणी रक्ताच्या एका थेंबाची, साध्या प्रयोगशाळेतही होते. पॉझिटिव्ह आलं तर आभाळ कोसळत नाही. बहुतेकांना फक्त लक्ष ठेवावं लागतं. ज्यांना औषध लागतं त्यांना रोज एक गोळी, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती फुकट आहे. कर्करोगाचा धोका तिने पुरता जात नाही, पण बराच उतरतो. आणि कृपा करून पॉझिटिव्ह सुनेचं ताट वेगळं काढू नका. हा विषाणू एका ताटात जेवून, कडेवर घेऊन, शिंकून पसरत नाही. पसरतो तो रक्तातून, दूषित सुई-वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात. लग्न ठरलेल्या मुलांची ही तपासणी मोडता घालायला नाही, जोडीदाराला लस द्यायला करायची असते.

राहता राहिलं बाळ. पहिला डोस चोवीस तासांच्या आत जायला हवा. पुढचे सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस आपल्याकडे फारसे चुकत नाहीत, चुकतो तो हाच. बाळ रविवारी झालं, वजन कमी भरलं, काचेत ठेवलं, सिस्टर सुट्टीवर होती, उद्या देऊ. पण विषाणू आईकडून बाळाकडे जातो तो त्याच दिवशी. वजन कमी आहे म्हणून हा डोस थांबवायचा नसतो. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला त्याच वेळी तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं, म्हणून गरोदरपणातला रिपोर्ट बाळंतपणाच्या खोलीपर्यंत पोचायला हवा, फाइलमध्ये राहायला नको.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यांनी आज लसीकरणाचं कार्ड काढून हिपॅटायटिस बीच्या पहिल्या रकान्यातली तारीख बघा. ती जन्मतारीखच असली पाहिजे, फार तर दुसऱ्या दिवशीची.

मी वेळ संपल्याची घंटा ऐकली आहे, अध्यक्षमहाराज. चिठ्ठ्या पुढे येऊ द्या, आणि दारूवरचे प्रश्न एका बाजूला काढा, त्यांची उत्तरं एकदमच देतो.